दारातली दहा मिनिटे: कॅलिफोर्नियातील पराभव आणि मायामीतील प्रयोग

४ नोव्हेंबर २००८ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी एकाच मतपत्रिकेवर दोन निर्णय दिले. अध्यक्षपदासाठी त्यांनी बराक ओबामा यांच्या पारड्यात सुमारे ६१ टक्के मते टाकली आणि त्याच दिवशी ‘प्रपोझिशन ८’ ही राज्यघटना दुरुस्ती ५२.२ टक्के मतांनी मंजूर केली. मूळ इंग्रजीत अवघ्या चौदा शब्दांच्या या दुरुस्तीने, केवळ स्त्री आणि पुरुष यांच्यातील विवाहालाच राज्यात मान्यता राहील असे ठरवले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या मे महिन्यात समलिंगी विवाहांना दिलेली परवानगी त्यामुळे रद्द झाली. मधल्या काळात सुमारे १८ हजार जोडप्यांची लग्ने झाली होती. दोन्ही बाजूंनी मिळून प्रचारावर ८ कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला होता आणि दोहोंतील अंतर सुमारे ६ लाख मतांचे राहिले.

ओबामांना मत देणाऱ्यांपैकी मोठ्या संख्येने लोकांनी दुरुस्तीच्या बाजूनेही मत दिले असल्याखेरीज हे दोन आकडे एकत्र बसत नाहीत. म्हणजे ही दरी केवळ पक्षांमधली नव्हती. ती एकाच घरात, एकाच चर्चमध्ये आणि पुष्कळदा एकाच माणसाच्या मनात होती. हरलेल्या बाजूने या मतदारांशी बोलण्याची जी पद्धत पुढच्या सात वर्षांत घडवली, तिचे हे प्रकरण आहे. हे प्रकरण मला अभ्यासण्याजोगे वाटते ते त्यातील यशामुळे नव्हे. पद्धत का चालते याविषयी त्यात सहभागी असलेल्या जवळजवळ प्रत्येकाची समजूत एकदा तरी खोटी ठरली, आणि तरीही पद्धत टिकली, हे त्याचे वैशिष्ट्य आहे.

पराभवाची चौकशी

निकालानंतरचे पहिले आठवडे निदर्शने आणि दोषारोप यांत गेले. कुणी धर्मसंस्थांना दोष दिला, कुणी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मतदारांना, तर कुणी आपल्याच प्रचारप्रमुखांना. डेव्ह फ्लायशर हे अनुभवी प्रचार संघटक होते. त्यांनी मतदानपूर्व पाहण्यांचे आकडे पुन्हा तपासून २०१० मध्ये एक सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील मुख्य निष्कर्ष कुणाच्याच आरोपाशी जुळणारा नव्हता. शेवटच्या सहा आठवड्यांत दुरुस्तीच्या बाजूला सरकलेल्या मतदारांत सर्वांत मोठा गट होता तो घरात अठरा वर्षांखालील मुले असलेल्या पालकांचा, आणि अहवालाच्या अंदाजानुसार त्यांची संख्या ५ लाखांच्या घरात होती.

हे पालक सरकले कशामुळे, हे शोधायला फार लांब जावे लागत नव्हते. शाळेतून आलेली एक लहान मुलगी पुस्तक दाखवत आईला सांगते की राजपुत्र राजपुत्राशी लग्न करू शकतो हे आज मी शिकले, आणि मोठेपणी मीही राजकन्येशी लग्न करू शकते. दूरचित्रवाणीवरील ही जाहिरात त्या काळात पुन्हा पुन्हा दाखवली जात होती. विरोधी बाजूच्या प्रचाराने तिला समानतेच्या तत्त्वाने उत्तर दिले आणि आपल्या बहुतेक जाहिरातींत समलिंगी जोडप्यांना दाखवणेच टाळले. भीती मुलांविषयीची होती आणि उत्तर घटनेविषयीचे होते. त्यात भर म्हणजे ज्यांच्याविषयी ही सगळी लढाई चालली होती, ती माणसेच पडद्यावर नव्हती.

फ्लायशर आणि लॉस एंजेलिस एलजीबीटी सेंटर या समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींसाठी काम करणाऱ्या संस्थेचे कार्यकर्ते यांनी अहवालाच्या आधीच, २००९ मध्ये, ठरवले की दुरुस्ती जिथे सर्वांत मोठ्या फरकाने मंजूर झाली, त्याच वस्त्यांत जायचे, दार वाजवायचे आणि ‘तुम्ही असे मत का दिले’ हे विचारायचे. निवडणूक संपली होती, त्यामुळे मागण्यासारखे काहीच हाती नव्हते. माझ्या मते पुढचे बरेच काही याच एका गोष्टीमुळे शक्य झाले. मत मागायला गेलेला कार्यकर्ता ऐकत असतो तो उत्तर देण्यासाठी. इथे उत्तर देण्याची घाईच उरलेली नव्हती.

सुरुवात तरीही वादानेच झाली. स्वयंसेवक घरून मुद्दे तयार करून जात, मतदाराच्या प्रत्येक शंकेवर त्यांच्याकडे तोडगा असे आणि संभाषण संपताना मतदार आपल्या जागी अधिकच घट्ट रोवलेला दिसे. मग त्यांनी संभाषणांचे चित्रीकरण करायला आणि ते एकत्र बसून पाहायला सुरुवात केली. कोणत्या क्षणी मतदार मोकळा झाला, कोणत्या शब्दाला त्याने पाठ फिरवली, स्वयंसेवक कुठे मध्येच बोलला, याची चिकित्सा होऊ लागली. हजारो संभाषणांच्या या छाननीतून जी पद्धत हाती आली, ती पुढे ‘डीप कॅनव्हासिंग’ म्हणून ओळखली जाऊ लागली. मराठीत तिला सखोल दारसंवाद म्हणता येईल.

उंबरठ्यावर काय घडते

ही पद्धत जवळून पाहिल्याखेरीज तिचे वेगळेपण कळत नाही, म्हणून पुढे २०१५ मध्ये फ्लोरिडातील मायामी शहरात वापरलेल्या संभाषणाचा क्रम येथे थोडा विस्ताराने देतो. विषय होता पारलिंगी, म्हणजेच ट्रान्सजेंडर, व्यक्तींना भेदभावापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचा.

दार उघडणाऱ्याला स्वयंसेवक आधी सांगतो की या कायद्यावर मतदारांना कदाचित पुढे निर्णय द्यावा लागेल, आणि विचारतो, “० म्हणजे पूर्ण विरोध आणि १० म्हणजे पूर्ण पाठिंबा असे धरले, तर आपण कोणता आकडा सांगाल?” समजा उत्तर आले, “चार.” नेहमीचा प्रचारक इथे चारचे आठ कसे करावेत या खटपटीला लागेल. या पद्धतीत पुढचा प्रश्न असतो, “आपल्यासाठी चारच योग्य का?” त्यानंतर स्वयंसेवकाने गप्प राहायचे असते. ही शांतता अवघड असते, कारण तिच्यात पुष्कळदा असे काही कानावर येते ज्याने स्वतः पारलिंगी असलेल्या स्वयंसेवकाच्या पोटात गोळा यावा. “पुरुष बायकांच्या स्वच्छतागृहात शिरतील” हे वाक्य तर दर थोड्या दारांमागे येतेच. चेहऱ्यावर नापसंती उमटू न देणे, “मला हे समजून घ्यायचे आहे, थोडे आणखी सांगाल?” असे विचारणे आणि विचारताना ते खरोखरच समजून घ्यायचे असणे, याचाच सराव प्रशिक्षणात जोड्या लावून केला जातो.

पुढे फोनवर एक छोटी चित्रफीत दाखवली जाते, आणि तिच्यात दोन्ही बाजूंचे युक्तिवाद असतात. विरोधकांची बाजू आपणच मतदाराच्या हाती द्यायची, हे पहिल्यांदा ऐकताना वेडेपणाचे वाटते. पण ती बाजू कधी ना कधी त्याच्यापर्यंत पोहोचणारच असते. ती आपण लपवली नाही, याची नोंद मतदार घेतो. त्यानंतर स्वयंसेवक ‘पारलिंगी’ म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगतो, आणि तो स्वतः पारलिंगी असेल तर तेही सांगतो.

नंतर संभाषण कायद्यापासून दूर जाते. स्वयंसेवक स्वतःविषयीची एखादी खरी गोष्ट सांगतो आणि विचारतो, “आपण इतरांहून वेगळे आहात म्हणून कुणी आपल्याला कमी लेखले, असे कधी झाले आहे का?” या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येकाकडे उत्तर असते. कुणाला शाळेत उच्चारावरून चिडवलेले असते. कुणाला नोकरीच्या ठिकाणी वयावरून बाजूला सारलेले असते, तर कुणी आजारी जोडीदाराला घेऊन बाहेर पडताना लोकांच्या नजरा झेललेल्या असतात. स्वयंसेवकाने ती हकिगत पूर्ण ऐकायची आणि तेव्हा काय वाटले ते विचारायचे. तिचा पारलिंगी व्यक्तीच्या अनुभवाशी संबंध शक्यतो मतदारालाच जोडू द्यायचा. अगदीच गरज पडली तर दिशा दाखवायची.

शेवटी तोच पहिला प्रश्न पुन्हा येतो, “आता कोणता आकडा सांगाल?” आणि आकडा बदलला असेल तर तो का बदलला, हे मतदाराने आपल्या शब्दांत सांगायचे. आकडा चारच राहिला तरी आभार मानून निघायचे. सगळ्याला साधारण दहा मिनिटे लागतात.

जो प्रयोग झालाच नव्हता

स्वयंसेवकांना आपली पद्धत चालते अशी खात्री वाटत होती. फ्लायशर यांना मात्र बाहेरचा पुरावा हवा होता, कारण मतदार दारात सभ्यपणे मान डोलावून नंतर विसरत असतील, तर ते दारातून दिसणार नव्हते. निवडणूक प्रचारावरील क्षेत्रीय प्रयोगांचे, म्हणजे प्रत्यक्ष मतदारांमध्ये जाऊन केलेल्या प्रयोगांचे, जाणकार, कोलंबिया विद्यापीठाचे डोनाल्ड ग्रीन यांच्यामार्फत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील संशोधक विद्यार्थी मायकेल लॅकोर हे काम करण्यास पुढे आले. डिसेंबर २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लॅकोर आणि ग्रीन यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. एका संभाषणाचा परिणाम तब्बल नऊ महिने टिकतो आणि हा टिकाऊ परिणाम केवळ स्वयंसेवक स्वतः समलिंगी असेल तेव्हाच दिसतो, असे त्यात म्हटले होते. स्वयंसेवक समलिंगी नसेल तर बदल काही आठवड्यांत विरून जातो, हा त्याचा दुसरा भाग.

या निष्कर्षाला वर्तमानपत्रांनी आणि नभोवाणीने उचलून धरले. त्यात गोष्टीची सगळी गोडी होती: ज्याच्याविषयी पूर्वग्रह आहे तोच माणूस दारात उभा राहतो, आणि पूर्वग्रह वितळतो. आयर्लंडमध्ये मे २०१५ मध्ये समलिंगी विवाहावर सार्वमत होणार होते, आणि तिकडच्या कार्यकर्त्यांपर्यंतही हे वृत्त पोहोचले होते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कल्ला या दोन तरुण संशोधकांना हाच प्रयोग पारलिंगी व्यक्तींच्या विषयावर मायामीत करायचा होता. त्यांनी तयारी सुरू केली तेव्हा पहिली ठेच लागली ती अगदी व्यावहारिक बाबीत. पाहणीला प्रतिसाद देणाऱ्यांचे जे प्रमाण लॅकोर यांनी नोंदवले होते, त्याच्या जवळपासही त्यांना जाता येईना. आपले कुठे चुकते आहे हे विचारण्यासाठी त्यांनी मूळ पाहणी करणाऱ्या कंपनीशी संपर्क साधला, तर कंपनीला अशा कामाची माहितीच नव्हती. नंतर येल विद्यापीठाचे पीटर अ‍ॅरोनाव यांच्यासह त्यांनी आकडे तपासले तेव्हा लॅकोर यांचा पहिल्या फेरीचा विदा, म्हणजे गोळा केलेली आकडेवारी, २०१२ मधील एका मोठ्या, आधीच उपलब्ध असलेल्या पाहणीशी जुळत असल्याचे आढळले. १९ मे २०१५ रोजी त्यांनी आपला अहवाल जाहीर केला. ग्रीन यांनी स्वतःहून शोधनिबंध मागे घेण्याची विनंती केली आणि २८ मे रोजी ‘सायन्स’ने तो मागे घेतला. पाहणीतील सहभागींना दिलेल्या मोबदल्याविषयी आणि निधीच्या स्रोतांविषयी खोटी विधाने केली गेली होती आणि मूळ विदा सादर होऊ शकला नव्हता.

या सगळ्यात एक तपशील सहज नजरेआड होतो. संभाषणे झाली होती. लॉस एंजेलिसचे स्वयंसेवक यादीतील दारे खरोखरच वाजवत होते, दिवसाच्या शेवटी आपली नोंदपत्रके भरून देत होते आणि या कष्टाचे माप कुणीतरी घेत आहे असे मानत होते. ते माप घेतलेच गेले नव्हते. पद्धत चुकीची ठरली असती तर ती सुधारता आली असती. ती बरोबर की चूक हेच ठाऊक नसण्याची वेळ त्यांच्यावर आली, आणि तीही आपल्याला सगळे ठाऊक आहे असे काही महिने वाटल्यानंतर.

मायामी, ६ जून २०१५

शोधनिबंध मागे घेतल्यानंतर नवव्या दिवशी मायामीत दारे वाजली. कार्यक्रम आधीच ठरलेला होता आणि तो रद्द करण्यात आला नाही.

या शहराला या विषयाचा इतिहास आहे. १९७७ मध्ये मायामी ज्या जिल्ह्यात येते त्या डेड काउंटीने समलिंगी व्यक्तींना भेदभावापासून संरक्षण देणारा वटहुकूम काढला होता. गायिका अनिता ब्रायंट यांच्या ‘सेव्ह अवर चिल्ड्रन’ या मोहिमेने ७ जून १९७७ च्या मतदानात तो मोठ्या फरकाने रद्द करवला. त्या मोहिमेच्या नावातच मुले होती. तसेच संरक्षण परत यायला १९९८ उजाडले, आणि पारलिंगी व्यक्तींचा समावेश त्यात डिसेंबर २०१४ मध्ये झाला. तोही पुन्हा सार्वमताने रद्द होईल या भीतीने मायामीतील ‘सेव्ह’ या संस्थेने लॉस एंजेलिसच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षणासाठी बोलावले होते.

प्रयोगाची आखणी समजून घेण्यासारखी आहे. आधी ६८,३७८ नोंदणीकृत मतदारांना टपालाने पत्रे पाठवून एका साध्या, अनेक विषयांवरच्या ऑनलाइन पाहणीत भाग घेण्यास सांगितले गेले. १,८२५ जणांनी ती भरली. पाहणीचा आणि दारावरच्या भेटीचा काही संबंध आहे हे त्यांना कळणार नाही याची काळजी घेतली होती, कारण संबंध कळला असता तर लोकांनी स्वयंसेवकाला बरे वाटेल अशी उत्तरे दिली असती. मग या घरांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी झाली. एका गटात पारलिंगी व्यक्तींविषयीचे संभाषण, तर दुसऱ्या गटात कचऱ्याच्या पुनर्वापराविषयीचे. पुनर्वापर हा विषय निवडण्यामागे खोच अशी की दार उघडणारी माणसे न उघडणाऱ्यांपेक्षा मुळातच वेगळी असू शकतात. दोन्ही गटांत दार उघडणाऱ्यांचीच तुलना केली की हा फरक निघून जातो. अखेरीस ५६ स्वयंसेवक आणि दार उघडणारे ५०१ मतदार एवढा हिशेब उरला. त्या मतदारांची विचारपूस नंतर तीन दिवसांनी, तीन आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी झाली.

एखाद्या समूहाविषयी आपल्याला किती आपुलकी वाटते ते ० ते १०० च्या ‘भावनामापका’वर सांगायचे, अशी एक रूढ पद्धत आहे. पारलिंगी व्यक्तींविषयीचे संभाषण झालेल्या मतदारांत हा आकडा सुमारे दहा अंशांनी वर गेला. १९९८ ते २०१२ या काळात समलिंगी व्यक्तींविषयी अमेरिकेतील सरासरी भावनेत जेवढा बदल झाला, त्याहून हा जास्त होता. चौदा वर्षांचे काम दहा मिनिटांत, असे कुणी म्हटले तर ते अर्थातच जरा सैल बोलणे ठरेल. तीन महिन्यांनंतरही फरक टिकून होता.

सहा आठवड्यांच्या टप्प्यावर संशोधकांनी मुद्दामच दोन्ही गटांना विरोधकांच्या प्रचारातील जाहिरात दाखवली. कायद्याचा पाठिंबा तिने खाली ओढला. पण तीन महिन्यांच्या टप्प्यावर संभाषण झालेला गट कायद्याच्या बाबतीतही पुढेच होता. एप्रिल २०१६ मध्ये हा शोधनिबंध ‘सायन्स’मध्येच आला.

आता मागे घेतलेल्या शोधनिबंधाशी ताडून पाहावे. त्यात म्हटले होते की ज्या समूहाविषयी बोलायचे त्याच समूहाचा स्वयंसेवक असेल तरच परिणाम टिकतो. मायामीत पारलिंगी आणि पारलिंगी नसलेले, दोन्ही प्रकारचे स्वयंसेवक परिणामकारक ठरले, आणि नवखे तसेच अनुभवीही. बनावट निष्कर्ष म्हणजे केवळ कागदावरचा गुन्हा नव्हता. तो खरा मानला असता तर देशभरातील संस्थांनी समूहाबाहेरच्या इच्छुकांना घरी बसवले असते, आणि ज्यांच्यावर आधीच भार आहे त्या पारलिंगी कार्यकर्त्यांनाच दारोदारी अपमान गिळत फिरायला लावले असते.

कोणता घटक कामाचा?

इथे आणखी एक समजूत तपासावी लागते, आणि मी स्वतःही ती काही काळ बाळगली होती. ‘तुम्हाला कधी कुणी कमी लेखले का?’ हा प्रश्न या पद्धतीचा प्राण आहे, असे मायामीचे वर्णन वाचणाऱ्या कुणालाही वाटेल. मतदार स्वतःच्या आठवणीतून दुसऱ्याच्या दुःखापर्यंत पोहोचतो, हे स्पष्टीकरण सुंदर आहे आणि स्वयंसेवकांना दारात जे दिसते त्याच्याशी जुळते.

ब्रूकमन आणि कल्ला यांनी पुढे पद्धतीचे भाग सुटे करून तपासले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन प्रयोगांत २३० स्वयंसेवकांनी अमेरिकेतील सात ठिकाणी ६,८६९ मतदारांशी संवाद साधला. त्यांतील एका प्रयोगाचा विषय होता कागदपत्रे नसलेले स्थलांतरित. त्या प्रयोगात काही मतदारांपुढे केवळ युक्तिवाद मांडले गेले. तेच युक्तिवाद, तेच स्वयंसेवक, फक्त अनुभवांची देवाणघेवाण नाही. परिणाम मोजता येण्याजोगा आढळला नाही. अनुभवांची निवाडा न करता देवाणघेवाण झाली तिथे परिणाम आढळला आणि तो किमान चार महिने टिकला, मात्र आकाराने तो मायामीपेक्षा बराच लहान होता. वर्षभराने आलेल्या दुसऱ्या निबंधात त्यांनी विचारले की अनुभवांमध्येही नेमका कुणाचा अनुभव कामी येतो. ज्याच्याविषयी पूर्वग्रह आहे त्या समूहातील व्यक्तीची हकिगत मतदाराने ऐकणे, हा घटक सातत्याने परिणाम करताना दिसला. मतदाराने स्वतःला कमी लेखले गेल्याची आठवण सांगण्याबाबत असा सातत्यपूर्ण पुरावा हाती आला नाही.

माझ्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब हीच आहे. दारात उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला बदल नेमका त्या क्षणी घडताना दिसतो, जेव्हा मतदार आपली आठवण सांगू लागतो: आवाज खाली येतो, दाराला टेकलेला हात सुटतो, आतून कुणी हाक मारली तर “आलो” म्हणून तो उभाच राहतो. हे सारे खरे असते. पण कदाचित बदल घडून गेल्याची ती खूण असेल, त्याचे कारण नसेल. किंवा आपले ऐकून घेतले गेल्यामुळे मतदार दुसऱ्याचे ऐकण्याच्या मनःस्थितीत येत असेल. यापैकी दुसरी शक्यता मला अधिक पटते, पण पटणे आणि सिद्ध होणे यांतील अंतर या प्रकरणाने पुरेसे दाखवले आहे.

सगळ्या चाळण्यांतून खाली उरले ते इतकेच: निवाडा न करणे आणि माणसाची गोष्ट. युक्तिवादाला त्यात जागा आहे, पण एकट्या युक्तिवादाने फारसे काही हलत नाही. हे प्रचाराच्या एकूण अनुभवाशीही जुळते. कल्ला आणि ब्रूकमन यांनी २०१८ मध्ये ४९ क्षेत्रीय प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा सार्वत्रिक निवडणुकांत उमेदवाराच्या निवडीवर प्रचारसंपर्काचा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला.

जिथे ही पद्धत पोहोचत नाही

मायामीनंतर पाचच महिन्यांनी, ३ नोव्हेंबर २०१५ रोजी, टेक्सासमधील ह्यूस्टन शहराच्या मतदारांनी समान हक्कांचा असाच वटहुकूम सुमारे ६१ टक्के मतांनी फेटाळला. विरोधकांची घोषणा होती, ‘बायकांच्या स्वच्छतागृहात पुरुष नकोत’. शहर मोठे, वेळ थोडा, भीती सोपी. तीन वर्षांनी मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी मात्र पारलिंगी व्यक्तींना संरक्षण देणारा कायदा सुमारे ६८ टक्के मतांनी कायम ठेवला. तिथल्या मोहिमेने सखोल संभाषणांचाही आधार घेतला होता, पण श्रेय कशाचे किती हे अशा निकालातून काढता येत नाही. मॅसॅच्युसेट्स म्हणजे टेक्सास नव्हे.

खर्चाचा हिशेबही डोळ्यांआड करू नये. मायामीत अडुसष्ट हजार पत्रांमागे ५०१ दारे उघडली, आणि त्यांतही साधारण अर्ध्या दारांत कचऱ्याच्या पुनर्वापराची चर्चा झाली. प्रयोगाबाहेर पत्रे लागत नाहीत हे खरे, पण बंद दारे असतातच, आणि एका संध्याकाळी एक स्वयंसेवक मोजकीच पूर्ण संभाषणे करू शकतो. प्रशिक्षण, नंतरची चर्चा आणि थकलेल्या स्वयंसेवकाला सावरणे हे सारे त्यात धरावे लागते. पक्षाच्या प्रचारयंत्रणेला ‘आज किती दारे वाजवली’ हा आकडा हवा असतो, आणि ही पद्धत त्या आकड्यात नेहमीच मागे पडते.

याहून महत्त्वाची मर्यादा म्हणजे विषयाची. आतापर्यंतचा भक्कम पुरावा एखाद्या समूहाविषयीच्या पूर्वग्रहाबाबत आहे. पक्षापक्षांतील द्वेषाला हीच मात्रा जशीच्या तशी लागू पडेल असे मानता येत नाही. एरिक सँटोरो आणि ब्रूकमन यांच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत परस्परविरोधी पक्षांच्या अनोळखी समर्थकांना व्हिडिओवर एकमेकांशी बोलायला लावले गेले. तुमचा मनासारखा दिवस कसा असेल, या विषयावर बोललेल्यांच्या मनातील विरोधी पक्षाच्या मतदारांविषयीचा तिटकारा चांगलाच कमी झाला, पण तीन महिन्यांत तो परिणाम विरला. राजकीय मतभेदांवर बोललेल्यांमध्ये असा दिलासा दिसला नाही. लोकशाहीच्या नियमांविषयीच्या मतांवर तर कोणत्याच संभाषणाचा परिणाम आढळला नाही.

आणि एक प्रश्न नैतिक आहे, जो आकडेवारीत येत नाही. आपल्या अस्तित्वालाच आक्षेप असलेल्या माणसापुढे शांतपणे उभे राहून ‘थोडे आणखी सांगाल?’ असे विचारण्याची अपेक्षा कुणाकडून करायची? समूहाबाहेरचे स्वयंसेवकही परिणामकारक ठरतात, या मायामीतील निष्कर्षाचे मोल मला इथे सर्वाधिक वाटते. पुढच्या निबंधाने त्यात भर घातली, कारण हकिगत त्या समूहातील व्यक्तीची असली तरी ती सांगणारा तोच असावा लागत नाही. मैत्रिणीची, भावाची, सहकाऱ्याची गोष्ट त्यांच्या संमतीने सांगता येते. लॉस एंजेलिसमध्ये २००९ साली ज्या स्वयंसेवकांनी पहिली दारे वाजवली, त्यांतील अनेकांना आपल्याच विवाहाचा हक्क हिरावून घेणाऱ्या शेजाऱ्याला “का?” असे विचारावे लागले होते, आणि त्या वेळी त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाला पाठवता येईल असे कुणालाच वाटले नव्हते.